अवर्णनीयाला चेहरा देताना

एडमंड विल्सन या अमेरिकन समीक्षकाने १९४५ साली 'द न्यू यॉर्कर'मध्ये एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांची जी झडती घेतली, तिच्यातील सर्वांत बोचरा आक्षेप विशेषणांविषयीचा होता. भयकथेच्या लेखकाने 'भयंकर', 'अमंगळ', 'अघोरी' अशी विशेषणे टाळावीत, असे त्याचे सांगणे. कथेने ज्या भावनेचा प्रत्यय द्यावयाचा ती लेखकच आधी उच्चारून मोकळा झाला, तर वाचकासाठी काही उरत नाही. या आक्षेपाची पुढे बरीच चर्चा झाली. लव्हक्राफ्टच्या बाजूनेही विपुल लिहिले गेले. परंतु या साऱ्या चर्चेत ज्याची साक्ष क्वचितच काढली जाते असा एक वाचकवर्ग आहे, आणि तो म्हणजे या कथांना चित्रे काढणाऱ्यांचा. समीक्षकाला विशेषणाशी भांडता येते, सामान्य वाचकाला ते ओलांडून पुढे जाता येते. चित्रकाराला दोन्ही वाटा बंद असतात. निवेदकाची वाणी जेथे खुंटते नेमक्या त्याच जागी त्याला पेन्सिल टेकवावी लागते, आणि तीही मासिक छापखान्यात जाण्याच्या आत.

लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) हा ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्सचा. विश्वाच्या अफाट पसाऱ्यात माणसाची कोणी दखलही घेत नाही, या जाणिवेतून उद्भवणारे भय हा त्याच्या कथांचा विषय. 'सुपरनॅचरल हॉरर इन लिटरेचर' (१९२७) या दीर्घ निबंधात त्याने हे भय रक्तपाताच्या आणि भुताखेतांच्या भयापासून वेगळे काढले. मराठीत त्याला विश्वभय म्हणता येईल. हा गंभीर आशय प्रसिद्ध झाला तो मात्र 'वीअर्ड टेल्स'सारख्या स्वस्त, खरखरीत कागदावरच्या मासिकांतून, आणि अशा मासिकांत कथेच्या माथ्यावर चित्र असणे हा रिवाजच होता. १९२८ च्या फेब्रुवारीत 'द कॉल ऑफ क्थुल्हू' तेथे छापली गेली तेव्हा तिच्यासाठी ह्यू रँकिनने चित्र काढले होते. अवर्णनीयाच्या कथेला चित्र जोडणे हा नंतरच्या चाहत्यांचा अगोचरपणा नव्हे. कथा आणि चित्र एकाच अंकातून वाचकांपुढे आली.

अशा चित्रांविरुद्धचा युक्तिवाद जुना आणि वजनदार आहे. एडमंड बर्कने १७५७ च्या आपल्या उदात्तविषयक ग्रंथात भयाचे नाते अस्पष्टतेशी जोडले. 'पॅराडाइज लॉस्ट'च्या दुसऱ्या सर्गात मिल्टनने मृत्यूची जी धूसर आकृती उभी केली ती बर्कला आदर्श वाटली. उलट संत अँथनीच्या मोहदर्शनाची चित्रे पाहून त्याला भीतीपेक्षा हसूच अधिक आले. लेसिंगने 'लाओकून'मध्ये (१७६६) होमरच्या देवांची चित्रात कशी फजिती होते ते दाखविले आहे. कवी नायकाला धुक्याने झाकतो म्हणजे त्याला अदृश्य करतो. चित्रकार ते धुके प्रामाणिकपणे रंगवितो आणि अदृश्यतेच्या जागी एक चांगला ठसठशीत ढग येऊन बसतो. तरीही चित्रकार थांबले नाहीत. मिल्टनचा मृत्यू होगार्थने रंगविला, फ्यूझेलीने रंगविला, ब्लेकने रंगविला, आणि १७९२ मध्ये गिलरेच्या हाती तोच प्रसंग राजकीय व्यंगचित्र होऊन गेला. बर्कच्या बाजूने याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

हाच युक्तिवाद लव्हक्राफ्टला लावताना मात्र अडचण येते, आणि ती त्याच्या संहितेतच आहे. तो अबोल लेखक नाही. १९३१ साली लिहिलेल्या आणि १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मधून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'अॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस' या दीर्घकथेत अंटार्क्टिकाच्या बर्फात सापडलेल्या प्राचीन जीवांचा वृत्तान्त लेक नावाचा शास्त्रज्ञ बिनतारी यंत्रावरून कळवितो. पिंपासारखे धड, लांबी सहा फूट, मध्यभागी व्यास साडेतीन फूट, उभे पाच कंगोरे, माथ्यावर तारामाशासारखे डोके, शिवाय पंख आणि त्यांची मापे. हे वर्णन शवविच्छेदनाच्या टिपणवहीतून उतरविल्यासारखे आहे. त्या मासिकासाठी चित्रे काढणाऱ्या हॉवर्ड ब्राउनला कल्पनेला ताण देण्याचीही गरज नव्हती. मापे समोर होती.

मग 'अवर्णनीय' हा शब्द त्या कथांत करतो काय? 'द अननेमेबल' (१९२५) या छोट्या कथेत याचे उत्तर मिळते. कलावस्तू म्हणून ती सामान्य आहे. या प्रश्नासाठी मात्र अनमोल. स्मशानातील एका थडग्यावर बसून दोन मित्र वाद घालतात. त्यांतील मुख्याध्यापक असलेल्या मँटनला ज्याला नाव देता येत नाही असे काही असू शकते हेच मान्य नाही. रात्री त्या दोघांवर काहीतरी चाल करून येते, आणि मग रुग्णालयातील खाटेवरून हाच मँटन परस्परांना छेदणाऱ्या वर्णनांची रास ओततो व अखेर हार मानतो. शब्द कमी पडले म्हणून तो हरलेला नाही; शब्द त्याच्याजवळ भरपूर आहेत, फक्त ते एकमेकांशेजारी नांदावयास तयार नाहीत. वेदान्तातील 'अनिर्वचनीय' हा पदार्थाच्या सत्तेविषयीचा निर्णय असतो. लव्हक्राफ्टच्या निवेदकाचे 'अवर्णनीय' हा त्याच्या स्वतःच्या घशाला पडलेल्या कोरडीचा वृत्तान्त असतो. रससिद्धान्ताच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो विभाव नाही, अनुभाव आहे. येथे अभिनवगुप्ताची आठवण अपरिहार्य ठरते. भयाच्या रसरूप प्रतीतीचे विवेचन करताना त्याने 'शाकुन्तला'तील जिवाच्या आकांताने पळणारे हरिण निवडले. कालिदासाने बाणाचा आणि रथाचा नुसता निर्देश केला आहे. सारी रेखाटणी आहे ती हरिणाच्या वळलेल्या मानेची, आखडून घेतलेल्या देहाची, तोंडातून गळणाऱ्या अर्धवट चावलेल्या दर्भाची.

चित्रकार या कथांत बाहेरून घुसलेला उपरा आहे, ही समजूतही तपासून पाहावयास हवी. 'द कॉल ऑफ क्थुल्हू'मध्ये ते अजस्र अस्तित्व वाचकाला प्रथम भेटते ते विल्कॉक्स नावाच्या शिल्पकलेच्या विद्यार्थ्याने स्वप्नातून उठून ओल्या मातीत कोरलेल्या उठावचित्राच्या रूपाने. त्याच सुमारास जगभरातील कवी-चित्रकारांना तशी स्वप्ने पडतात. व्यवहारी माणसे आणि शास्त्रज्ञ बहुतांशी शांत झोपतात. प्राध्यापकाची टिपणे, पोलिसाची साक्ष, खलाशाची रोजनिशी हे सारे शब्दरूप पुरावे त्या मातीच्या पाटीमागून येतात. 'पिकमन्स मॉडेल' (१९२७) तर चित्रकाराचीच कथा. गोया, फ्यूझेली, सिडनी साइम ही नावे तिच्यात सहज घेतली जातात. आणि अंटार्क्टिकाच्या पर्वतांचे वर्णन करताना निवेदक पुनःपुन्हा निकोलस रोरिकच्या हिमालयचित्रांचा हवाला देतो. कुलूच्या खोऱ्यातील नग्गर येथे अखेरची वर्षे घालवून १९४७ मध्ये तेथेच निधन पावलेला हा रशियन चित्रकार भारतीय वाचकाला अपरिचित नाही. लव्हक्राफ्टने त्याची चित्रे न्यू यॉर्कच्या संग्रहालयात पाहिली होती. म्हणजे हे पर्वत कथाचित्रकाराच्या हाती येतात तेच मुळी एका चित्रातून.

तेव्हा प्रश्न चित्र काढावे की नाही हा नाही. शब्दाला जी मुभा आहे ती रेषेला नाही, आणि त्या तुटवड्याचे चित्रकार काय करतो, हा खरा प्रश्न. विल्कॉक्सच्या पाटीवरील आकृती एकाच वेळी ऑक्टोपस, ड्रॅगन आणि विकृत मानव यांची आठवण करून देते, असे निवेदक म्हणतो. 'एकाच वेळी' या दोन शब्दांची किंमत लेखकाला काहीच पडत नाही. समुद्रातून वर आलेल्या शहरात एक खलाशी अशा एका कोनात गडप होतो, जो लघुकोन असून विशालकोनासारखा वागतो. येथेही वाक्य पुरे झाले आणि काम भागले. चित्रकाराने मात्र कोन काढला की तो किती अंशांचा हे ठरलेच. एशरने 'रिलेटिव्हिटी' (१९५३) आणि 'वॉटरफॉल' (१९६१) या शिलामुद्रांत अशक्य भूमिती रेषेत आणून दाखविली हे खरे. पण एशरची अशक्यता प्रसन्न, गणिती आहे. तिच्यात कोणी गडप होत नाही, जिने चढणारी माणसे तर कमालीची शांत आहेत.

बहुसंख्य चित्रकारांनी ऑक्टोपस-ड्रॅगन-मानव या त्रयीची बेरीज केली: ऑक्टोपसचे डोके, माणसाचा धिप्पाड देह, पाठीवर वटवाघळाचे पंख. तुलना होती तिचे त्यांनी अवयव केले. फ्रान्स्वा बारांजे या फ्रेंच चित्रकाराने २०१७ च्या आपल्या भव्य आवृत्तीत हीच आकृती स्वीकारली, पण प्रमाणाचा प्रश्न नीट सोडविला; एवढ्याशा जहाजासमोर ती उभी राहिली की छाती दडपते. मात्र ही दडपण सिनेमाच्या पडद्यासमोरची आहे, थोड्या वेळाने ओसरते. जपानमध्ये गोऊ तानाबेने दाट काळ्या-करड्या रेषांनी अंटार्क्टिकाची कथा सांगितली. त्याच्या पानांवर जीवांपेक्षा दगड अधिक भिववितात, आणि ते लव्हक्राफ्टच्या अधिक जवळचे आहे.

या सर्वांत वेगळी वाट अल्बेर्तो ब्रेचियाची. मोंटेव्हिडिओत जन्मलेला आणि ब्वेनोस आयरेसमध्ये घडलेला हा चित्रकथाकार (१९१९–१९९३) १९७३ पासून नॉर्बेर्तो बुस्कालियाच्या सहकार्याने लव्हक्राफ्टच्या कथांकडे वळला. तोवर कमावलेली वास्तवदर्शी रेषा येथे कुचकामी आहे हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कागद फाडून चिकटविले, पृष्ठभाग खरवडले, मोनोटाइप वापरला. मोनोटाइपमध्ये काचेवर किंवा पत्र्यावर शाई पसरून तिचा एकच ठसा कागदावर घेतात. जे उमटते ते पुरतेपणी चित्रकाराच्या हातचे नसते. ब्रेचियाच्या पानांवर घरे, टोप्या, कंदील ओळखू येतात, आणि मग चौकटीत असे काही येते की जे डाग आहे की देह आहे हे ठरविता येत नाही. वाचकाने आपली भीती तेथे आणून ठेवावी, हा आपला हेतू त्याने स्वतःच सांगितलेला आहे. परंतु यश केवळ संदिग्धतेचे नाही. संदिग्धता धुक्यातही असते, आणि लेसिंगच्या ढगाची गत ठाऊकच आहे. ब्रेचियाने माध्यमालाच अनुभाव भोगावयास लावले. चित्रातल्या माणसाची जी अवस्था झाली आहे तीच कागदाची झालेली दिसते. ज्याच्यासह त्याने 'मॉर्ट सिंडर' (१९६२–६४) निर्मिली तो लेखक ओएस्तेरहेल्ड १९७७ मध्ये लष्करी राजवटीकडून पळविला गेला आणि परत आला नाही. त्या काळ्या डागांत हा इतिहास वाचण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण यांतील बरीच पाने त्याआधीची आहेत.

व्हर्जिल फिनलेविषयी याच संदर्भात थोडे सांगावयास हवे. रॉबर्ट ब्लॉकच्या 'द फेसलेस गॉड' या कथेसाठी १९३६ मध्ये त्याने काढलेल्या चित्रावर लव्हक्राफ्ट इतका खूष झाला की त्याने त्यावर एक सुनीत लिहिले. चेहरा नसलेल्या देवाचे चित्र, आणि अवर्णनीयाच्या पुरस्कर्त्याने त्याची केलेली स्तुती! फिनलेचे तंत्र ठिपक्यांचे. स्वस्त कागदावर करड्या छटा नीट उतरत नसत. त्या त्याने सूक्ष्म ठिपक्यांच्या दाटी-विरळीतून साधल्या. जवळून पाहिले तर आकृती विरते, दूर गेले की जमते. छपाईच्या दारिद्र्यातून निघालेली ही युक्ती या आशयाला अशी लागू पडावी, हा योगायोगच.

रंगाचा प्रश्न तर याहून बिकट. 'द कलर आउट ऑफ स्पेस' (१९२७) या कथेत उल्केबरोबर जो रंग येतो तो ज्ञात वर्णपटात नाही. त्याला रंग म्हणावयाचे तेही केवळ उपमेने. चित्रकाराच्या पेटीत तो कोठून असणार? २०१० च्या 'डी फार्बे' या जर्मन चित्रपटात दिग्दर्शक हुआन वू याने सारा पट कृष्णधवल ठेवून फक्त त्या रंगाला जांभळट गुलाबी छटा दिली. रिचर्ड स्टॅन्लीनेही २०१९ मध्ये त्याच परिसरातला रंग निवडला. या निवडीला भौतिकीचा एक आधार आहे. मॅजेंटा हा रंग इंद्रधनुष्यात नसतो, त्याला स्वतःची अशी एकच तरंगलांबी नाही. तांबडा आणि निळा-जांभळा प्रकाश एकत्र डोळ्यांवर पडला की मेंदू तो रचतो. वर्णपटात नसलेला रंग रोज साडीच्या दुकानात दिसतो, एवढेच.

१९८१ मध्ये 'केऑसियम' या कंपनीने या कथांवर आधारलेला भूमिकाखेळ काढला आणि अवर्णनीयांना गुणसंख्या मिळाल्या: बळ किती, दर्शन झाल्यास खेळाडूच्या मानसिक स्वास्थ्यातून किती गुण वजा. १९८८ मध्ये तर पक्षिनिरीक्षकांच्या पुस्तिकांसारखी या जीवांची सचित्र ओळखपुस्तिका निघाली. पुढे मऊ कापसाचे हिरवे क्थुल्हू मुलांच्या कुशीत गेले. यावर संतापण्याचे कारण नाही. पण वर म्हटलेली बेरीज किती सोयीची होती, ते या खेळण्यांवरून कळते. ब्रेचियाच्या डागाचे खेळणे अद्याप कोणी शिवलेले नाही.

असाच प्रश्न लिपीलाही पडतो. 'क्थुल्हू' हे नाव मानवी वाग्यंत्राने उच्चारण्यासाठी नाहीच, असे लव्हक्राफ्टने पत्रांतून स्पष्ट केले होते. रोमन अक्षरे ही त्या ध्वनीची ओबडधोबड नक्कल. देवनागरी त्याहून निग्रही. तिने 'क्' आणि 'थ' यांचे जोडाक्षर केले की उच्चार ठरला, संदेह मिटला. लिप्यंतर हेही एक कथाचित्रच म्हणावयाचे. नावांचा हा प्रवास मराठीपर्यंत येऊन पोहोचला आहे. अँब्रोज बिअर्सच्या कथेत हस्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. चेंबर्स, लव्हक्राफ्ट अशा हातांतून जाताना तो काळवंडला, आणि स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' (१९८४) या कथेत केवळ आवाहनाचे नाव म्हणून आला. नारायण धारपांची 'आजी' ही कथा किंगच्या या कथेशी नाते सांगते, आणि धारपांच्या कथेची प्रेरणा घेऊन राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड' (२०१८) केला. तेथे 'हस्तर'ला तांबडा, भुकेला, मानवसदृश देह मिळाला. शतकभर नुसते नाव असलेल्या गोष्टीला कोकणातल्या पावसात शरीर यावे, यात गंमत आहे. आणि चित्रपट निभावला तो त्या शरीरापेक्षा त्याच्यासमोर लोभाने आणि भीतीने थरथरणाऱ्या माणसांमुळे, हेही नमूद करावयास हवे.

येथवर राक्षसांविषयी झाले. चित्रकाराची खरी कसोटी मात्र राक्षसापाशी लागतच नाही. ती लागते त्याच्या पूजकांपाशी. क्थुल्हूचे वर्णन करता येत नाही असे म्हणणारा निवेदक लुइझियानाच्या दलदलीत पकडलेल्या उपासकांचे वर्णन करताना क्षणभरही अडखळत नाही. संमिश्र रक्ताचे, हीन, परदेशी, खलाशी जातीचे अशी तयार लेबले त्याच्या हाताशी आहेत. 'द हॉरर अॅट रेड हुक' (१९२७) मध्ये ब्रुकलिनच्या स्थलांतरितांची अख्खी वस्तीच अशा लेबलांखाली झाकली गेली आहे. लव्हक्राफ्टचा वंशद्वेष त्याच्या पत्रांतून उघड आहे. त्याची सारवासारव करण्याचे दिवस संपले. साहित्यविचाराच्या दृष्टीने लक्षणीय ते हे की त्याच्या गद्यात राक्षसाकडे पाहवत नाही म्हणून वर्णन थांबते, आणि माणसाकडे पाहावयाचे नाही म्हणून वर्णन सुलभ होते. दोन्हीकडे चेहरा गैरहजर. पहिली गैरहजेरी चित्रकाराला मान्य करता येते, तिच्यातून ब्रेचिया निपजतो. दुसरी त्याला मान्य करता येत नाही, कारण दलदलीतल्या शेकोटीभोवती माणसे काढावयाची तर डोळे, नाक, हात काढावे लागतात, आणि कोणाचे तरी काढावे लागतात. अनेकांनी या जागी टोपरी घातली. उपासकांची डोकी झग्यात झाकली की प्रश्न टळतो. व्हिक्टर लव्हाल यांनी 'द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम' (२०१६) या लघुकादंबरीत रेड हुकची कथा एका कृष्णवर्णीय तरुणाच्या बाजूने पुन्हा लिहिली. कथाचित्रकारांनी जे टाळले ते कादंबरीकाराने केले, ही चित्रकलेला फारशी भूषणावह गोष्ट नाही.

'द शॅडो ओव्हर इन्समथ' हे लव्हक्राफ्टच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्याचे एकमेव पुस्तक. १९३६ मध्ये ते निघाले, सुमारे दोनशे प्रती बांधल्या गेल्या, आणि फ्रँक उटपाटेलने त्याला चित्रे काढली. या कथेत तर चेहरा हाच विषय आहे. बंदरगावातल्या लोकांचे न मिटणारे फुगीर डोळे, चपटे नाक, मानेवरच्या वळ्या पाहून शिसारी आलेला निवेदक अखेर आरशात तेच सारे पाहतो. त्याचे मूळ त्याच गावचे निघते. लेखकाच्या द्वेषापेक्षा त्याची कथा येथे शहाणी ठरते. चित्रकाराने इन्समथचा तो चेहरा पहिल्या पानापासून परका काढला तर आरसा फुकट जातो. ओळखीचा काढला तर किळस उगवत नाही. या कथेची चित्रे पाहताना त्यांत किती माशासारखे दिसते यापेक्षा किती माणसासारखे उरले आहे, हे पाहावे.

त्याचा स्वतःचा चेहराही सुटला नाही. १९७५ पासून वर्ल्ड फँटसी पुरस्कार म्हणून व्यंगचित्रकार गेहन विल्सनने घडविलेला लव्हक्राफ्टचा लांबोडका मुखवटा दिला जात असे. ज्यांच्या पूर्वजांना त्याने माणसात धरले नव्हते अशा लेखकांच्या कपाटातही तो जाऊन बसू लागला. आक्षेप वाढत गेले आणि २०१५ नंतर ती मूर्ती बंद झाली.

क्थुल्हूचे एक चित्र लव्हक्राफ्टने स्वतः काढले आहे. १९३४ च्या मे महिन्यातले, रॉबर्ट बार्लो या तरुण मित्रासाठी काढलेले, शाळकरी हाताचे. त्यात त्याने समुद्रातून उठणारे अस्तित्व रेखाटलेले नाही. कथेतील पोलिसाने जप्त केलेली दगडी मूर्ती तेवढी काढली आहे. चौथऱ्यावर उकिडवी बसलेली, गुडघ्यांवर पंजे टेकलेली. कोणा अज्ञात शिल्पकाराच्या कामाची ही नक्कल. चेहऱ्याच्या दिसणाऱ्या बाजूला तिला तीन डोळे आहेत. कथेत त्यांचा उल्लेख नाही, आणि पुढच्या लोकप्रिय चित्रांत ते बहुधा दोनच राहिले.